आभाळातून अक्षता

लग्नाला आता माणसं येत नसत. अक्षता घेऊन त्यांचे ड्रोन येत. मांडवावर त्यांचं मोहोळ घोंघावत होतं.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि मांडवामागे नवरीच्या तातूमामाला नाग डसला. दरीपलीकडच्या दवाखान्याने लगेच ड्रोनने इंजेक्शन पाठवलं. पण मांडवाजवळ येताच एवढ्या गर्दीत त्याचा सिग्नल तुटला.

"भटजी, थांबा! पाहुण्यांना ड्रोन हटवायला सांगा!" नवरीची आई ओरडली.

"मंगलाष्टकं मध्येच थांबवू नकोस, ताई," मामाच पुटपुटला. "अशुभ होईल पोरीला. दोनच राहिलीत."

भटजींनी ती घाईघाईने उरकली. तोवर वाट पाहून दवाखान्याचा ड्रोन इंजेक्शनसकट माघारी फिरला होता.

शेवटच्या 'सावधान'ला माणूस दिसेल तिथे ड्रोननी अक्षता उधळल्या. मामाच्या उघड्या डोळ्यांवरही पडल्या. पापणी लवली नाही.