सुतकातले डायनासोर

पोथीत उकळत्या तेलाची कढई आली आणि तृप्ती गोधडीतून ताडकन उठून बसली.

"मम्मी, पप्पाला पण टाकतेत का गं त्याच्यात?"

शिवकन्यानं लेकीला जवळ ओढलं. अंगदला जाऊन आज सातवा दिवस. सुतक म्हणून रोज जेवणं झाली की बैठकीत पोथी लागायची. मोठे दीर कारभारी घसा ताणून पापी जिवांचे हाल वाचायचे. धावडा गावातल्या बायाबापड्या माना डोलवायच्या, आणि पलीकडच्या खोलीत ही सहा वर्षांची पोर टक्क डोळ्यांनी रात्र काढायची. तिचं कुणाला काही पडलेलं नव्हतं!

नवऱ्यामागं बाईनं तेरा दिवस कोपऱ्यात गप बसायचं म्हणे. बसली की सहा दिवस. आता बास झालं!

"न्हाई टाकत," ती चांगली मोठ्यानं म्हणाली. "डोळे मीट. पप्पा झोपताना डायनासोरचं सांगायचे ना, तेच सांगते. सोळा कोटी वर्षं राह्यले ते ह्या जमिनीवर. तवा माणूस नव्हता, न् यमदूत बी नव्हते."

पोथी थांबली.

"शिवकन्या! पोथी चालू असताना हे काय लावलंय? जीव अडकंल अंगदचा!"

"तुम्ही वाचा की, भाऊजी. मी कुठं अडवून राह्यले? पर माझं लेकरू भेऊन राह्यलंय. मी सांगणारच."

कारभारींनी आवाज चढवला. हिनंही चढवला. तिकडं करवतीनं माणसं चिरली जात होती, इकडं एसटीपेक्षा लांब जनावरं निवांत झाडपाला खात होती. बायकांनी तोंडाला पदर लावले. लावू देत! तृप्तीच्या पापण्या जड झाल्या होत्या, शिवकन्याला तेवढं पुरे होतं.

"मंग आभाळातून मोठा धोंडा पडला. थोराड होते ते मेले. पिसांवाले बारके मात्र वाचले. तेच पुढं पाखरं झाले, बेटा."

तेवढ्यात पोथीपुढून तुळजाबाई उठली. अंगदची आई. सात दिवस अगदी पुढं बसून ती निमूट ऐकत होती. ती दारात आली तशी शिवकन्यानं लेकीला घट्ट धरलं. आता खैर नाही, पण माघार घ्यायची नाही.

तुळजाबाई गोधडीच्या काठावर टेकली.

"सरक जरा," ती म्हणाली. "माझा लेक काय सांगायचा, ते मला बी ऐकू दे."