गेलेला आवाज

ओदीलच्या पहिल्या सिनेमाची रिळं पॅरिसच्या स्टुडिओत दुरुस्त होत होती. एका प्रसंगातला तिचा आवाज गेला होता, म्हणून पुन्हा भरायला बहात्तराव्या वर्षी तिला बोलावलं. पडद्यावर तिचा नायक, विशीतला गास्पार, दाराकडे निघाला. पुढे तिनं त्याच्याशीच लग्न केलं. गेल्या मंगळवारी त्याला पुरलं, तेव्हाही तिला रडू आलं नव्हतं. “थांब ना, जाऊ नकोस,” ती माइकपुढे म्हणाली. ध्वनिमुद्रक चाचरला, “मादाम, रागावू नका, पण आवाजात वय कळतंय हो.” “कळणारच. एखादी पोरगी बोलवा.” डबिंग करणारी मुलगी आली, पण फारच काकुळतीनं बोलली. “अगं, भीक नको मागूस. तो वळणार हे तुला ठाऊक आहे,” ओदीलनं शिकवलं. मुलीनं हाक मारली. गास्पार वळला, हसला, परत आला. “जमलं! कसं वाटलं, मादाम?” ध्वनिमुद्रकानं विचारलं. “काहीच वाटलं नाही,” ओदील पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “पुन्हा एकदा लावा.”