थंड चूल

कातकरवाडीत घरात दाणा नसला तरी चूल पेटायचीच. पातेल्यात नुसतं पाणी उकळायचं. वणवे शोधायला सोडलेला उपग्रह घराघरातल्या चुलीची धग टिपायचा आणि ते आकडे पोरी शहरात नेणाऱ्या दलालांच्या हाती लागायचे. ज्या घरची चूल दोन दिवस थंड, तिथे तिसऱ्या दिवशी गोड बोलणारा माणूस यायचा. बुधीची थोरली पोर अशीच गेली. तेव्हा ही गोम कुणाला ठाऊक नव्हती.

परवापासून शेजारी लग्न होतं. बुधी आणि धाकटी सोमी दोन दिवस मांडवातच पोटभर जेवल्या आणि चूल पेटवायचं साफ विसरल्या.

आज सकाळी माणूस दारात हजर. "मावशी, पोरीला शहरात काम आहे. खाणंपिणं, कपडालत्ता, सगळं आमच्याकडे."

थोरलीच्या वेळी हेच शब्द बुधीने उपाशीपोटी ऐकले होते. आज तिला बुंदीचा ढेकर आला.

"नाय पाठवत," ती म्हणाली. इतकं सोपं होतं ते.

माणूस चिडला नाही. त्याने शेजारच्या मांडवाकडे पाहिलं. "लग्नाचं जेवण किती दिवस पुरतं, मावशी? येतो परवा."

तो वळताच बुधीने चुलीत लाकडं सारली, पातेल्यात पाणी ओतलं. सोमीने न सांगताच फुंकणी उचलली.