सरांचा अंगठा

"अगं, गणित परत तपास," सर म्हणाले.

तपासलं. ज्या नमुन्यात प्रोटीन कमी, तो जास्त घ्यायचा, म्हणजे जेलच्या, त्या लिबलिबीत पातळ थराच्या, प्रत्येक खाचेत प्रोटीन सारखंच पडतं आणि पट्ट्यांची तुलना खरी ठरते. हे सरांनीच शिकवलेलं. त्यांच्या गाजलेल्या पेपरात औषध दिलेल्या पेशींची पट्टी गडद होती, म्हणजे औषधानं त्यातलं एक प्रोटीन वाढतं. माझी मात्र वर्षभर बिनऔषधाच्या पेशींइतकीच फिकट येत होती. माझाच हात चांगला नाही असं समजून मी पीएचडी सोडायला निघाले होते.

"सर, एकदा तुम्हीच भरून दाखवा ना."

त्यांनी नमुना मोजून भरायचं पिपेट घेतलं. बिनऔषधाचे नमुने माझ्या आकड्यांप्रमाणे भरले. औषधाच्या नमुन्यापाशी आल्यावर माझ्याशी बोलता बोलता, न बघताच, त्यांच्या अंगठ्यानं पिपेटवरचा, किती घ्यायचं तो आकडा दुप्पट केला.

"आता येईल बघ गडद," ते म्हणाले.