वाफ्यातला लव्हाळा

"तात्या, थांबा! तो पंप आधी खाली ठेवा," कुंपणापलीकडून शेजारची मंदाकिनी ओरडली.

तात्या थबकले. बायको गेल्यापासून तिच्या फुलांच्या वाफ्यात नुसता लव्हाळा माजला होता. कितीही उपटा, जमिनीतल्या गाठींतून पुन्हा उभा. आज औषध फवारून कायमचा निकाल लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

मंदाकिनी खुरपं घेऊन आली. तिने गवत बाजूला सारलं, तर खाली निशिगंधाचे कोवळे कोंब!

"काकूंनी आजारपणात लावलेत. औषधाने हेही जळाले असते."

"मला बोलली नाही ती."

"तुम्ही पाणी घालघालून कंद कुजवाल, म्हणाल्या!"

तात्या कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. डोळे पुसत, दुसरं खुरपं घेऊन ते तिच्याशेजारी बसले.

"वाचवलंस बाई. आता शिकव, लव्हाळा कुठला आणि निशिगंध कुठला."