नाव घालू नका

बाराव्या दिवशीही नागेंद्रनं डबा एकट्यानंच उघडला. बाकीचं सगळं प्रेस खातं सायकल स्टँडच्या पत्र्याखाली गोल करून बसलं होतं. भरमा त्या गोलात बसून भाकरीचे नुसते तुकडे करत होता.

"खाऊ दे गद्दाराला एकट्यालाच," शामू म्हणाला. "ज्यानं नोकरीला लावलं, त्याच्यावरच चिठ्ठी? माझा भाऊ असता तरी पाणी पाजलं नसतं."

"व्हय तर," भरमा म्हणाला. आवाज जरा मोठाच लागला.

मच्छे गावातल्या या कारखान्यात सुपरवायझरला साहेब म्हणायची पद्धत नव्हती. निपाणीकडचे सन्मती अण्णा सगळ्यांचेच अण्णा. कंग्राळी गावची निम्मी पोरं त्यांनीच इथं चिकटवली. बारशाला, लग्नाला, मयताला अण्णा हजर. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये हात जाऊ नये म्हणून पुढं जाळीचा गार्ड असतो. माल लवकर सुटावा म्हणून तो काढून ठेवायला सांगायचे, तेही अण्णाच. बोटं ज्याची त्यानं सांभाळायची. अण्णांना उलट बोलणं म्हणजे घरातल्या थोरल्याला बोलणं. कुणी बोलत नसे.

मग एचआरला ऋतिका मॅडम आल्या. त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला, दाराशी पेटी ठेवली. नाव घालू नका, मनातलं लिहा, म्हणाल्या. भरमानं बायकोलाही न दाखवता गार्डचं लिहिलं. आठवड्यात गार्ड बसले आणि अण्णांची स्टोअरला बदली झाली.

त्या दिवशी खातं हळहळलं. "कुणी केलं रं हे?" म्हणून जो तो दुसऱ्याला विचारत फिरला. भरमानं तर तिघांना विचारलं. एकटा नागेंद्र खाली मान घालून काम करत राहिला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. म्हणजे त्यानंच केलं, असं दुपारच्या सुट्टीपर्यंत ठरलं.

आज तीन वाजता नागेंद्र राजीनामा देऊन आला.

"कीड गेली," शामू म्हणाला.

भरमानं प्रेस बंद केली, हात पुसले आणि मॅडमची केबिन गाठली. उद्यापासून आपला डबा कुठं उघडणार, हे त्याला नीट माहीत होतं.

"मॅडम, नागेंद्रला जाऊ देऊ नका. त्याचा काय दोष न्हाय. चिठ्ठी मी टाकलेली."

"कुठली?"

"गार्डची. अण्णांवरची."

मॅडमनी ड्रॉवरमधून गठ्ठा काढून पुढं ठेवला. "बावीस आहेत. सगळ्या गार्डच्याच. यातली तुमची कुठली?"

भरमानं वरच्या दोन-चार चिठ्ठ्या उलटून बघितल्या.

"म्हंजे... बाकीच्या एकवीस नागेंद्रनं टाकल्या?"

"भरमाकाका, खात्यात तुम्ही तेवीस माणसं," मॅडम म्हणाल्या. "नागेंद्रनं कागद कोराच आणून दिला माझ्या हातात. अण्णांच्या माघारी लिहायला जमणार न्हाय, म्हणाला."