देवीचा धागा

"ग्लास वेगळा केलात?" डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

मधुरिमाने मान हलवली. शेजारच्या खुर्चीत तिचे सासरे जयसिंगराव शर्टाचं बटण चाचपत बसले होते. पतंग, चावी, केळं. एवढे तीनच शब्द डॉक्टरांनी मघाशी त्यांना लक्षात ठेवायला सांगितले होते. तिन्ही उडून गेले. आपल्याला काही सांगितलं होतं, हेसुद्धा त्यांच्या गावी नव्हतं.

"त्यांच्या ओठावर सारखे फोड येतात ना," ती म्हणाली. "मोबाइलवरच्या व्हिडिओत साफ सांगत होते, त्याच वायरसनं माणूस सगळं विसरायला लागतो. घरात लहान मुलगी आहे, डॉक्टरसाहेब. टेन्शन तर येणारच ना."

"देखिए मधुरिमाजी, संबंध असू शकतो, इतकंच. शोध चालू आहे, पक्कं कोणालाच माहीत नाही. आणि तो वायरस तर बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून असतो. तुमच्याही असेल. फोड आलेला असताना त्यांना मुलीचे पापे घेऊ देऊ नका, बस. विसरणं काही ग्लासातून लागत नाही."

मधुरिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवाळीत तिने सासऱ्यांच्या स्टीलच्या ग्लासला लाल धागा बांधला होता. "आबासाहेब, अन्नपूर्णेच्या मंदिरातला आहे, देवीचा," असं गोड बोलून. त्यांनी तो ग्लास भक्तिभावाने कपाळाला लावला होता. मुळात भोळा माणूस, त्यात हे दुखणं. त्यांना काय कळतंय, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

घरी आल्या आल्या तिने धागा कापला. ग्लास बाकीच्या ग्लासांत मिसळला, तसा तो तिलाही ओळखू येईना. तेवढ्यानेही तिला हायसं वाटलं. तिने त्यातलाच एक भरून मुलीच्या हातात दिला. "जा, आबांना पाणी दे."

जयसिंगरावांनी ग्लास घेतला. फिरवून फिरवून पाहिला. उन्हातून आल्यामुळे त्यांचे ओठ कोरडे पडले होते. तरी त्यांनी तो तोंडाला लावला नाही.

"तू कोणाची गं, बाळ?"

"मी शर्वरी ना, आबा."

"अच्छा. मग हा परत ने," ते हलक्या आवाजात म्हणाले. "माझा लाल धाग्याचा आण. यातून तुम्ही लेकरं पिता, उगाच माझं तुम्हाला लागायचं."